विनापरवाना दुकान, गोदाम, ढाबा : दंड किती, कारवाई कशी आणि नोटीस आल्यावर काय करावं? वाचा सविस्तर

धामणगाव रेल्वे : रस्त्याला लागून वावर असलं की आज ना उद्या त्यात शेड टाकायचा विषय घरात निघतोच. कुणाला कृषी केंद्र काढायचं असतं, कुणाला ढाबा, कुणाला कापूस खरेदीसाठी काटा बसवायचा असतो, तर कुणी जागा गोदामाला भाड्याने देतो. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून रस्त्याकडेच्या जागेवर सगळ्यांचीच नजर आहे. शेड उभं राहतं, मीटर लागतं, बोर्ड लागतो, उद्घाटनही होतं. पण त्या जागेवर तो धंदा चालतो का, हा प्रश्न बहुतेक वेळा नोटीस हातात पडल्यावरच विचारला जातो.

कायद्यात लिहिलेला दंड ऐकला तर तो फार मोठा वाटत नाही. काही रकमा तर जुन्या काळातल्याच आहेत. म्हणूनच अनेकजण "पाहू, दंड भरून देऊ" असं म्हणतात. इथेच चूक होते. दंड भरून जागा कायदेशीर होत नाही. शेड काढायची वेळ आली तर शेड जातं आणि त्यावर काढलेलं कर्ज मात्र डोक्यावर राहतं. त्यामुळे दंड किती, कोण लावतो, आणि त्यातून सुटण्याचा कायदेशीर रस्ता कोणता, हे धंदा टाकण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

आधी पाहा, जागा कुणाच्या हद्दीत आहे

एकाच तालुक्यात जागेनुसार कायदा बदलतो.

१) नगर परिषदेची हद्द : धामणगाव रेल्वे शहरात नगर परिषद हीच नियोजन प्राधिकरण आहे. इथे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी कायदा म्हणतात, तो लागतो. शहराच्या विकास योजनेत (बोलीभाषेत डीपी प्लान) प्रत्येक जागेला एक विभाग म्हणजे झोन दिलेला असतो. रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, सार्वजनिक वापर असे हे झोन असतात. कायद्याच्या कलम ४३ नुसार लेखी परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही आणि जागेचा वापरही बदलता येत नाही. "वापर बदलणे" हा शब्द महत्त्वाचा आहे. एकही वीट न रचता राहत्या घराचं गोदाम केलं तरी तो वापरातला बदल धरला जाऊ शकतो.

२) गावठाण : मंगरूळ दस्तगीर, तळेगाव दशासर, अंजनसिंगी अशा गावांत गावठाणाच्या आत बांधकाम करायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी लागते.

३) गावठाणाबाहेरचं वावर : इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ लागते. कलम ४२ प्रमाणे शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. यालाच लोक "एनए करणे" म्हणतात. २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासी वापरासाठी, किंवा प्रादेशिक योजनेत जो वापर चालतो त्यासाठी, अकृषिक झाल्याचं मानलं जातं. मात्र त्यासाठी अकृषिक आकारणी आणि ठरलेला कर भरावा लागतो. फुकट आणि आपोआप असं काही नाही.

४) सरकारी जागा : गायरान, पांदण, नाल्याचा काठ, रस्त्याची हद्द. इथे झोनचा प्रश्नच येत नाही, तिथला धंदा हे अतिक्रमण ठरतं.

याशिवाय समृद्धी महामार्गालगत एखादं गाव नवनगराच्या अधिसूचित क्षेत्रात येत असेल, तर तिथे परवानगी देणारं प्राधिकरण वेगळं असू शकतं. मोठ्या रस्त्याला लागून बांधकाम असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा पाहावी लागते. वावर आपलं असलं तरी त्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही.

"आता एनए लागतच नाही" हे अर्धं खरं

अकृषिक परवानगीचे नियम सरकारने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सैल केले आहेत. २०१४ मध्ये कलम ४२-अ आलं, २०१७ मध्ये आणखी दुरुस्त्या झाल्या आणि त्यानंतरही स्वतंत्र एनए परवानगी कमी करण्याकडेच सरकारचा कल आहे. त्यामुळे गावोगावी "एनए बंद झालं, आता काहीही टाका" अशी चर्चा चालते.

पण एनएची कटकट कमी झाली म्हणजे झोन गेला असं नाही. शेती झोनमधली जागा शेती झोनमध्येच राहते. बांधकाम परवानगीही सुटत नाही. शासनाला भरायचे पैसेही सुटत नाहीत. अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे तहसील कार्यालयातून विचारून घेणं हाच खात्रीचा मार्ग.

जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल, म्हणजे सरकारकडून मिळालेली किंवा अटीवर दिलेली असेल, तर वरच्या सवलती थेट लागू होत नाहीत. सातबारावर वर्ग-१ आहे की वर्ग-२, हे सगळ्यात आधी पाहावं.

ही कागदं म्हणजे जागेची परवानगी नव्हे

नोटीस आली की लोक फाईलभर कागद घेऊन तहसील किंवा नगर परिषदेत जातात. त्यातले बहुतेक कागद या कामाला उपयोगी पडत नाहीत.

- शॉप ॲक्टची पावती : २०१७ च्या कायद्यानुसार ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती सूचना दिल्याची पावती आहे, जागेची मंजुरी नाही.
- उद्यम नोंदणी आणि जीएसटी : धंद्याची नोंद. जागेशी संबंध नाही.
- अन्न परवाना : ढाबा, हॉटेल, किराणा यासाठी लागतोच, पण तो अन्नाच्या सुरक्षिततेचा.
- वीज मीटर : वीज मिळाली म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं होत नाही.
- ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरटॅक्सची पावती : ही कर आकारणीची नोंद आहे. विनापरवाना बांधकामालाही कर लागतो.
- ग्रामपंचायतीची ना-हरकत : परवाना काढताना उपयोगी पडते, पण वापर बदलाच्या परवानगीची जागा घेत नाही.

शहरात तर विनापरवाना बांधकामावर नगर परिषद कायद्याच्या कलम १८९-अ नुसार मालमत्ता कराच्या दुपटीएवढी शास्ती लागू शकते. आणि ही शास्ती भरली म्हणून ते बांधकाम अधिकृत झालं असं होत नाही, हेही कायद्यातच सांगितलं आहे.

शहरात दंड किती?

एमआरटीपी कायद्याच्या कलम ५२ मध्ये दोन प्रकार आहेत.

पहिला, परवानगी न घेता किंवा परवानगी सोडून बांधकाम करणे अथवा वापर बदलणे. दोष सिद्ध झाल्यास किमान १ महिना ते जास्तीत जास्त ३ वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड. गुन्हा चालूच राहिला तर दर दिवसाला २०० रुपयांपर्यंत जादा दंड.

दुसरा, विकास योजनेच्या विरुद्ध वापर चालू ठेवणे किंवा चालू ठेवू देणे. यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू राहिल्यास दर दिवसाला १०० रुपयांपर्यंत.

हा दंड मुख्याधिकारी जागेवर फाडत नाहीत. खटला भरला जातो आणि न्यायालय शिक्षा देतं. रोजचे २०० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षभर धरले तर ७३,००० रुपये होतात. शिवाय कैदेची तरतूद असल्यामुळे प्रकरण "दंड भरला, मिटलं" एवढ्यावर थांबेलच असं नाही.

याच कायद्याच्या कलम ५३ नुसार नगर परिषद बांधकाम काढायला किंवा वापर बंद करायला सांगू शकते. मालकाने काढलं नाही तर नगर परिषद पाडते आणि तो खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो.

वावरात दंड किती?

जमीन महसूल संहितेच्या कलम ४५ नुसार परवानगीशिवाय शेतजमिनीचा अकृषिक वापर केला तर तीन गोष्टी होऊ शकतात.

१) बदललेल्या वापराप्रमाणे अकृषिक आकारणी भरावी लागते.
२) त्याशिवाय दंड लागतो. अकृषिक आकारणीच्या ४० पटीपर्यंत दंड आकारला जातो.
३) जमीन पूर्ववत करायला सांगितलं जातं, म्हणजे शेड काढा, खड्डा असेल तर बुजवा.

समजा, एखाद्या शेडच्या जागेची वर्षाची अकृषिक आकारणी २५० रुपये आहे. तर ४० पट म्हणजे १०,००० रुपये दंड होऊ शकतो. आकारणी गावानुसार आणि वापरानुसार बदलते, त्यामुळे खरा आकडा पटवाऱ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलमधून काढावा.

नोटिशीत दिलेल्या मुदतीत ऐकलं नाही तर ३०० रुपयांपर्यंत दंड आणि पुढे दर दिवसाला ३० रुपयांपर्यंत. महसूल विभाग स्वतः बांधकाम काढू शकतो आणि खर्च त्याच जमिनीच्या मालकाकडून वसूल करतो. हा बोजा सातबारावर चढला की पीक कर्ज, खरेदी-विक्री, वाटणी सगळीकडे अडचण येते.

सरकारी जागेवर असेल तर

संहितेच्या कलम ५० नुसार अतिक्रमण काढलं जातं. जितका काळ जागा वापरली त्याची आकारणी घेतली जाते, आणि अकृषिक वापर असेल तर २,००० रुपयांपर्यंत दंड लागतो. गावात निवडणूक लढवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्यत्व रद्द होऊ शकतं. कुटुंबाने केलेलं अतिक्रमण सदस्य स्वतः वापरत असेल तरी सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

शहरातल्या पानठेला, चहाटपरी, भाजीच्या हातगाडीवाल्यांसाठी मात्र वेगळा कायदा आहे, पथविक्रेता अधिनियम २०१४. विक्री प्रमाणपत्र नसताना धंदा केला तर २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही आणि हटवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर परिषदेच्या सर्वेक्षणात आपलं नाव आलं की नाही, हे प्रत्येक हातगाडीवाल्याने तपासून घ्यावं.

एका महिन्याच्या अंतराने आलेले दोन निकाल

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या विषयात प्रत्येक दुकानदाराला माहीत असायला हवेत. एक निकाल संरक्षण देतो, दुसरा सावध करतो.

पहिला निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा, बुलडोझर कारवाईबाबतचा. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्याच अमरावतीचे. सोबत न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन होते. न्यायालयाने सांगितलं की बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यापैकी जी जास्त असेल ती द्यावी. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि बांधकामावरही चिकटवावी. मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं. अंतिम आदेशात कारणं लिहावीत. आदेशानंतरही १५ दिवस द्यावेत, म्हणजे मालक स्वतः काढू शकेल किंवा कोर्टात जाऊ शकेल. पाडताना व्हिडिओ चित्रण करावं. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वे रुळालगतची जागा, नदी किंवा तलाव अशा सार्वजनिक ठिकाणच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. धामणगावसारख्या स्टेशनच्या गावात रुळालगतच्या टपऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरा निकाल १७ डिसेंबर २०२४ चा, उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या शास्त्रीनगर भागातला. राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकानं बांधली गेली होती. वर्षानुवर्षं धंदा चालू होता. दुकानदारांनी इतकी वर्षं झाली, पैसा गुंतला, असं म्हणणं मांडलं. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी ते मान्य केलं नाही. किती वर्षं झाली, किती पैसा लावला, अधिकाऱ्यांनी किती काळ दुर्लक्ष केलं, यातलं काहीही बेकायदा बांधकामाला कायदेशीर करत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. दुकानं तीन महिन्यांत रिकामी करायला सांगितली. त्याशिवाय देशभरासाठी सूचना दिल्या : पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी, बँकांनी ते तपासूनच त्या इमारतीवर कर्ज द्यावं, आणि बेकायदा इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये.

म्हणजे कारवाई करताना अधिकाऱ्यांना पद्धत पाळावी लागेल. पण पद्धत पाळून झाल्यावर "जुनं दुकान आहे" ही सबब चालणार नाही.

नोटीस आल्यावर काय करायचं?

१) नोटीस घ्या. नाकारू नका. नाकारली तरी ती चिकटवली जाते आणि मुदत सुरू होते. घेतल्याची तारीख लिहून ठेवा.

२) नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. एमआरटीपी कलम ५३, महसूल संहिता कलम ४५ किंवा ५०, प्रत्येकाचा उपाय वेगळा.

३) मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं, "साहेबांना भेटून आलो" हे कुठेच नोंदलं जात नाही.

४) शहरातली जागा असेल आणि तो वापर झोनमध्ये बसत असेल, तर कलम ५३(३) नुसार नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम किंवा वापर कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे आणि मुदत गेल्यावर तिचा उपयोग राहत नाही.

५) अर्ज नामंजूर झाला तर कलम ४७ नुसार ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

६) महसूल विभागाचा आदेश असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील होतं. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करावं.

७) जे बांधकाम नियमात बसत नाही, त्यावर नवा खर्च करू नका. नोटीस आल्यावर घाईने स्लॅब टाकणारे लोक आहेत. त्याने नुकसानच वाढतं.

धंदा टाकण्याआधी हे तपासा

- सातबारा, फेरफार आणि जमिनीचा वर्ग.
- शहरात नगर परिषदेतून, ग्रामीण भागात अमरावतीच्या नगर रचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा. अर्ज करून हे मिळतं.
- समोरच्या रस्त्याची रुंदी. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (२ डिसेंबर २०२० ला मंजूर) रहिवासी झोनमध्येही दुकानं, दवाखाने अशा वापराला जागा आहे, पण कोणता वापर चालेल हे रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं.
- शेती झोन असला तरी सगळंच बंद नसतं. कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय, शेतमालाचं गोदाम, शेतमाल प्रक्रिया, पेट्रोल पंप यांना अटींसह परवानगी मिळू शकते. त्यामुळे "मिळणारच नाही" असं धरून चोरून शेड टाकण्यापेक्षा अर्ज करणं फायद्याचं.
- परवानगी मिळाल्यावर वापर सुरू केल्याची माहिती ३० दिवसांत तहसीलला लेखी द्या. ही माहिती दिली नाही तर त्याचाही दंड आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जागा भाड्याने दिली आहे, नोटीस कुणाला येईल?
दोघांनाही येऊ शकते. सातबारावर ज्याचं नाव आहे तो जबाबदार असतोच, आणि वापरणाराही असतो. भाडेकराराच्या कागदात कोणता धंदा चालेल आणि परवानगी कोण काढेल, हे स्पष्ट लिहावं. भाडेकरूने मालकाला न विचारता वापर बदलला तर कलम ४६ नुसार मालकाला त्याच्याकडून भरपाई मागता येते.

घरात शिलाई मशीन, छोटी किराणा पेटी चालते का?
रहिवासी झोनमध्ये असे छोटे वापर साधारणपणे चालतात. पण चक्की, वेल्डिंग, गोदाम असं काही असेल तर आधी विचारून घ्या. मोटरची क्षमता आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास, दोन्ही पाहिलं जातं.

दंड भरला, आता मोकळं झालो का?
नाही. दंडाची पावती ही दंडाचीच पावती असते. नियमित केल्याचा वेगळा लेखी आदेश हातात आल्याशिवाय जागा नियमित झाली असं समजू नये.

बाजूच्याचं शेडही तसंच आहे, मग मलाच नोटीस का?
बाजूच्याला नोटीस नाही म्हणून आपलं बांधकाम कायदेशीर ठरत नाही. हा मुद्दा उत्तरात लिहिला तरी त्याच्या भरवशावर राहू नये.

हंगाम संपल्यावर हातात पैसा आला की शेडचं काम निघतं. टिनपत्रे आणि अँगलची ऑर्डर देण्याआधी एक दिवस तहसील आणि नगर परिषदेच्या चकरेत घालवला, तर पुढची अनेक वर्षं धंदा निर्धास्त करता येईल.